मदत हवी आहे : जुन्या वाचनालयाच्या इमारतीचा इतिहास

सप्रेम नमस्कार. चिकोडी भागातील आमच्या लहानशा शहरात सार्वजनिक वाचनालयाची एक जुनी दगडी इमारत आहे आणि ती पाडली जाण्यापूर्वी तिचा इतिहास लिहून ठेवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दारावरच्या शिळेवर इतक्या वेळा चुना फासला गेला आहे की, बोटांनी चाचपल्यावर ‘१८’ एवढेच आकडे लागतात. आतल्या काही पुस्तकांवर जांभळ्या शाईचा इंग्रजी शिक्का आहे, तर त्यानंतरच्या पुस्तकांवर मराठी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. त्या लाटेतच आमचेही वाचनालय उभे राहिले असावे, असा माझा तर्क आहे, पण तर्कावर इतिहास लिहिणे मला पटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असल्याने जुने कागद बेळगाव, पुणे, मुंबई असे विखुरलेले असणार. १८८४ च्या बेळगाव जिल्हा गॅझेटियरपासून (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथापासून) मी सुरुवात केली आहे. जागेचा मूळ मालक आणि बांधकामाचे वर्ष शोधायचे, तर सिटी सर्व्हेचा उतारा आधी काढावा की नगरपालिकेची जुनी ठरावबुके पाहावीत? पुणे पुरालेखागारात असे काम केलेल्या कोणी अर्जाची पद्धत सांगितली, किंवा कोणाच्या घरी वाचनालयाचे जुने अहवाल, वर्गणीच्या पावत्या वा छायाचित्रे असतील, तर कृपया कळवावे. मी स्वतः येऊन प्रती काढून घेईन.