पतंगावरून छायाचित्रण: हवेत गेल्यावर नियंत्रक वारंवार रीसेट होतो, मदत हवी आहे

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, कातळशिल्पे वरून टिपता यावीत, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी पतंगाच्या दोरीला टांगायचा कॅमेऱ्याचा सांगाडा आणि त्याचा नियंत्रक घरीच तयार केला. घरात सारे व्यवस्थित चालते, पण हवेत गेल्यावर नेमका हवा असलेला फोटो मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची माहिती असलेल्यांनी, तसेच पतंगाला कॅमेरा टांगण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी गरज सांगतो. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्याजवळ उभे राहिले की कातळात खोदलेल्या रेषा दिसतात, पण हत्ती दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स २८ मिलिमीटरच्या तोडीची असल्यामुळे ३० मीटर उंचीवरून ३५ मीटरांपेक्षा अधिक रुंदीचा कातळ एका फोटोत मावतो. अट एवढीच, की कॅमेऱ्याने सरळ खाली पाहिले पाहिजे. वेळेचेही बंधन आहे. उथळ रेषा तिरप्या उन्हातच उठून दिसतात. सकाळी ऊन तिरपे असते, पण मतलई वारा पतंग उचलण्याइतका नसतो. दुपारनंतर खारे वारे एकसारखे वाहू लागतात, म्हणून साडेचार ते सूर्यास्त एवढाच काय तो उपयोगाचा वेळ उरतो. त्यात एक उड्डाण फुकट गेले की तो दिवस गेला.

पतंग सहा कोनी जपानी रोक्काकू पद्धतीचा, १.८ मीटर उंचीचा, छत्रीच्या कापडाचा आहे. गावातल्या एका आजोबांनी तो पाहताच 'वावडी' म्हणून ओळखला, याचा मला फार आनंद झाला. कण्णी नीट बसल्यापासून तो गोत खात नाही. दोरी विणलेल्या पॉलिएस्टरची, सुमारे ७० किलो ताण सोसणारी आहे. मांजा मी वापरत नाही आणि कोणी वापरूही नये. पतंग वर स्थिरावला, की आणखी २५ मीटर ढील देऊन मग सांगाडा टांगतो. टांगणी पिकाव्हे पद्धतीची, म्हणजे १९१२ साली पिएर पिकाव्हे या फ्रेंच गृहस्थाने मांडलेली आहे. ॲल्युमिनियमच्या फुलीची चार टोके एकाच अखंड दोरीने पतंगाच्या दोरीवरच्या दोन आकड्यांना जोडलेली असतात, त्यामुळे दोरीचा कोन बदलला तरी फुली आडवीच राहते. माझ्या फुलीची प्रत्येक भुजा २० सेंटिमीटरची आहे. हा भाग उत्तम चालतो.

कॅमेरा जुना कॅनन पॉवरशॉट असून त्यात सीएचडीके (कॅननच्या कॅमेऱ्यांना जादा सोयी देणारे सॉफ्टवेअर) घातले आहे, म्हणून यूएसबीच्या तारेतून ५ व्होल्टचा स्पंद दिला की शटर दाबले जाते. नियंत्रक आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आहे. आडवे फिरवण्यासाठी नेहमीच्या आकाराची सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी) आहे, जी जुन्या प्रिंटरच्या दोन दातेरी चाकांमुळे पूर्ण फेरी घेते. खाली-वर झुकवण्यासाठी ९ ग्रॅम गटातली छोटी सर्वो आहे. वीज चार निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेलची, म्हणजे ४.८ व्होल्टची असून दोन्ही सर्वो आणि नॅनो तिच्यावरच चालतात. कॅमेऱ्यासह वजन ५२० ग्रॅम भरते.

प्रोग्रॅम साधा आहे. कॅमेरा क्षितिजाकडे ठेवून ८ फोटो, ४५ अंश झुकवून ८ आणि शेवटी सरळ खाली ४, अशी २० फोटोंची फेरी; दर ६ सेकंदांनी एक फोटो. मागच्या रविवारी सुमारे १२ मिनिटांत ११२ फोटो निघाले. त्यांत सरळ खालचे फक्त ४ होते, तेही एकाच फेरीतले. आठ फोटो तिरपे आणि बाकी सगळे क्षितिजाचे होते. ते रांगेने लावून पाहिले तेव्हा दोष उघड झाला. आठ फोटो क्षितिजाचे, मग दोन-तीन सेकंदांचा जास्तीचा खंड आणि पुन्हा आठ फोटो क्षितिजाचेच. झुकण्याची पायरी आली की नॅनो रीसेट होतो आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते.

दोरीच्या थरथरीने सेलच्या स्प्रिंगचा संपर्क तुटत असेल, असे मला आधी वाटले होते. पण तसे असते तर रीसेट कुठेही झाला असता, दर वेळी त्याच पायरीवर नाही. त्या पायरीवर आडवी सर्वो पूर्ण फेरी उलटी फिरून शून्यावर येते आणि त्याच क्षणी दुसरी सर्वो कॅमेरा झुकवते. शिवाय कॅमेरा तळाच्या ट्रायपॉड स्क्रूवर बसवलेला असल्याने त्याचे वजन झुकण्याच्या आसापासून दूर पडते. वर वाऱ्याचा दाबही त्यात भर घालत असणार. नॅनोचा व्होल्टेज २.७ च्या खाली घसरला की तो रीसेट होतो, आणि तेच होत असावे असा माझा अंदाज आहे.

घरी झुकणारा हात बोटाने अडवून पाहिला, तेव्हा मल्टिमीटरने ४.१ व्होल्ट दाखवले आणि रीसेट झाला नाही. मात्र क्षणभराची घसरण मल्टिमीटर पकडू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवून रविवारचे उड्डाण केले होते. त्याने काही साधले नाही. आता आधी आडवी फेरी, मग एकेक अंशाने सावकाश झुकणे, असा बदल प्रोग्रॅममध्ये केला आहे. त्याची हवेतली चाचणी बाकी आहे.

माझा मुख्य प्रश्न विजेचा आहे. नॅनोला वेगळी छोटी बॅटरी देऊन दोन्हींचे ग्राउंड जोडावे, की दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ५ व्होल्ट ३ अँपियरचा बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारे सर्किट) वापरून सर्व काही त्यावर चालवावे? पहिल्या मार्गात वजन वाढते. दुसऱ्यात एकच बॅटरी राहते, पण सर्वो अडकल्यावर बीईसीचा व्होल्टेज घसरणार नाही याची खात्री कशी करावी? कोणी हा भाग ऑसिलोस्कोपवर पाहिला असल्यास तिथे दिसलेले आकडे कृपया द्यावेत.

दुसरा प्रश्न यांत्रिक आहे. कॅमेऱ्याचे वजन आसावर आणण्यासाठी कंस वर सरकवावा, की मागे प्रतिवजन लावावे? कंस सरकवला तर सरळ खाली पाहताना लेन्सचे नळकांडे पट्टीला घासते. आताच मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर फट आहे.

चालू पायरी ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या नॅनोच्या स्मृतीत) लिहून ठेवावी, म्हणजे रीसेटनंतर फेरी तिथूनच पुढे जाईल, असे एका मित्राने सुचवले आहे. एक लाख वेळा लिहिण्याची मर्यादा मला अडचणीची वाटत नाही. पण त्याने रोग तसाच राहील, म्हणून तो उपाय मी शेवटचा धरला आहे.

येत्या शनिवारी पुन्हा सड्यावर जाणार आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळाल्यास तारा बदलून घेता येतील. जोडणीचा आराखडा आणि प्रोग्रॅम हवा असल्यास सांगावे, लगेच इथे देतो.