गिटारचा आवाज 'फाटतो' की 'चरचरतो'?

खुंटी
गिटार अॅम्प मॉडेलर (अॅम्प आणि त्याच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) थेट पॉवर्ड पीए स्पीकरमधून, म्हणजे कार्यक्रमात लावतात त्या स्वतःचा अॅम्प असलेल्या स्पीकरमधून, वाजवणाऱ्यांसाठी मराठीत टिपण करतोय. इक्वलायझरच्या भागात गाडी अडली आहे. 'हार्श' आणि 'फिझी' या दोन्ही तक्रारींना खर्ड्यात 'आवाज फाटतो' असं लिहिलं आहे. तपासणाऱ्याने दोन्हीकडे काट मारली. त्याचं म्हणणं, 'फाटतो' वाचलं की माणूस गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) खाली करेल, इक्वलायझरला हातच लावणार नाही. फाटण्याचा अर्थ खरंच इतका अरुंद आहे का?

मंडपवाला
आहे. साउंडच्या धंद्यात 'फाटतो' म्हणजे क्लिपिंग. सिग्नल झेपेनासा झाला की लाटेचा माथा छाटला जातो, तो फाटका आवाज. आधी मॉडेलरच्या आउटपुट मीटरवर लाल लागतंय का ते बघायचं. मग स्पीकरच्या मागचा स्विच 'माइक'वर राहिलाय का ते. मॉडेलरमधून लाइन लेव्हल येत असेल तर स्पीकरही 'लाइन'वरच हवा, गेनचा नॉब मधोमध. माइकवर राहिला तर इनपुटलाच फाटणार, आणि पुढे कितीही ट्रेबल कापा, फाटलेलं सांधत नाही. तपासणाऱ्याचं बरोबर आहे.

जवारी
पण गिटारमध्ये फाटलेला आवाज मुद्दाम आणतात त्याचं काय? ड्राइव्ह, डिस्टॉर्शन म्हणजे तरी लाट छाटणंच. त्याला आपल्याकडे 'जवारी' हा शब्द तयार आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवला की तारेत वरचे स्वर फुलतात, नाद भरतो. आवाजात जीव येतो म्हणून जिवारी, त्याची जवारी.

मंडपवाला
'जीव'वरून जिवारी हे ऐकायला छान आहे, पण ते ठाम सांगता येत नाही. व्युत्पत्ती काहीही असो, जवारीत तार घोडीला घासते, छाटली काहीच जात नाही. दोन वेगळ्या क्रियांना एक शब्द नको. डिस्टॉर्शनला डिस्टॉर्शनच म्हणा.

आठमात्रा
मूळ प्रश्नातल्या 'फिझी'बद्दल. हा दोष गेनचा नाही, कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा आहे. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, म्हणजे तो स्वतःच एक गाळणी आहे. पीए स्पीकरमध्ये वूफरच्या वर उंच स्वरांसाठी हॉर्न असतो, आणि तो १५ किलोहर्ट्झच्याही पुढे जातो. मॉडेलरमधला कॅब ब्लॉक (कॅबिनेटची नक्कल) किंवा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या कॅबिनेट-माइकचा टिपलेला ठसा) बंद राहिला तर अॅम्पचा सगळा कचरा हॉर्नमधून बाहेर पडतो. शब्द सरळ आहे: चरचर. फोडणी तेलात पडल्यावर उठतो तोच आवाज, बारीक आणि न थांबणारा. आधी कॅब चालू आहे का ते बघा. तरी उरली तर हाय कट (ठरावीक हर्ट्झच्या वरचा आवाज कापणारी गाळणी) ८ किलोहर्ट्झवरून हळूहळू खाली आणा, बहुतेकदा ६ ते ७ च्या आसपास चरचर विरते. उतार ऑक्टेव्हला १२ डेसिबलचा असेल तर ६ वर लावलेला कट १२ किलोहर्ट्झला साधारण १२ डेसिबल खाली नेतो. उतार ६ डेसिबलचाच असेल तर आणखी खाली यावं लागतं. ५ च्या खाली मात्र सहसा जाऊ नका, पिकचा ठोका बोदा होतो.

शब्दनिष्ठ
चर्चा मराठी शब्दांची आणि वाक्यावाक्यात 'हाय कट', 'गेन'. इक्वलायझरला 'समतोलक', हाय कटला 'तारछेद', लो कटला 'खर्जछेद' म्हणायला हरकत काय? मंद्र, मध्य, तार ही सप्तकं मराठी माणसाला माहीत आहेत.

आठमात्रा
हरकत अशी की यंत्राच्या पडद्यावर 'हाय कट' लिहिलेलं असतं. टिपण हातात धरून मेनू शोधणारा 'तारछेद' कुठे शोधेल? शिवाय 'खर्ज' हा ठरलेला स्वर आहे, अमुक हर्ट्झच्या खालचं सगळं असा त्याचा अर्थ नाही. बटणाचं नाव बटणावर आहे तेच ठेवावं. कानाला काय जाणवतं ते सांगणारे शब्द मात्र मराठीच हवेत, कारण ते वाचणाऱ्याला ऐकू आले पाहिजेत.

शब्दनिष्ठ
आज बटणाचं नाव इंग्रजी, उद्या कानाचंही होईल. निदान पहिल्या उल्लेखाला मराठी प्रतिशब्द द्या, पुढे बटणाचं नाव चालवा. एवढी जागा टिपणात निघते.

खुंटी
'चरचर' घेतला. 'हार्श'?

मंडपवाला
'टोचतो'. अडीच ते चार किलोहर्ट्झमधला दोष. चरचर दूरवरून नुसती जाणवत राहते, टोचणारा आवाज एकेका सुरावर कानात घुसतो. यावर हाय कट चालत नाही, पॅरामेट्रिकने (हवी ती जागा आणि रुंदी निवडता येणाऱ्या इक्वलायझरने) अरुंद खाच पाडावी लागते: क्यू (आकडा मोठा तितकी खाच अरुंद) ३ च्या आसपास, २ ते ४ डेसिबल कमी. जागा शोधायला तोच बँड ६ डेसिबल वाढवून हळूहळू फिरवायचा, जिथे सर्वात जास्त बोचेल तिथे खाली घ्यायचा. फिरवण्याआधी आवाज कमी करा. आणि वेज स्पीकरच्या (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून जमिनीवर तिरपा ठेवलेल्या) डोक्यावर उभं राहून हे ठरवू नका. हॉर्नचा झोत अरुंद असतो, वर उभ्या माणसाला तो पूर्ण लागत नाही. तो ट्रेबल वाढवत बसतो आणि समोरच्यांचे कान सोलले जातात. दोन-तीन मीटर लांब, हॉर्नच्या उंचीला कान आणून ऐका.

जवारी
त्याला 'किनरा' म्हणता येणार नाही का?

मंडपवाला
किनरा म्हणजे बारीक, उंच पट्टीचा. जाड डिस्टॉर्शनही टोचू शकतं.

घुमटकार
'बूमी'साठी काय लिहिलंय? 'घुमतो' लिहिलं असेल तर माझा आक्षेप नोंदवा. गोव्यात मडक्याच्या तोंडाला चामडं ताणून जे वाद्य होतं ते घुमट, आणि तिथे घुमणं हा गुण आहे. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता बकरीचं. 'घुमणे'वरूनच 'घुमट' आला.

शब्दनिष्ठ
देवळाचा घुमट फारसी 'गुंबद'कडून आला असं मानतात. वाद्याचं नाव त्याच्याशी जोडायचं की 'घुमणे'शी, हा वेगळा वाद आहे.

घुमटकार
वाद्य आकाराने घुमटासारखं दिसत नाही, मडक्यासारखं दिसतं. नाव नादावरून पडलंय.

आठमात्रा
दोषासाठी 'घुमतो' मलाही पटत नाही, पण कारण वेगळं. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये प्रतिध्वनी येतो तेव्हाही आपण 'आवाज घुमतो' म्हणतो, आणि त्याचा उपाय इक्वलायझरमध्ये नाही. इथला दोष म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास साचलेला आवाज. स्पीकर जमिनीवर ठेवला की बेस फुगतो, कोपऱ्यात ढकलला की आणखी. म्हणून 'बेस फुगतो' म्हणा. आधी स्पीकर स्टँडवर चढवा किंवा भिंतीपासून ओढा, मग लो कट ८० ते १०० वर. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, त्यामुळे फार काही हरवत नाही. यामाहाच्या डीएक्सआर पीए स्पीकरवर डी-कॉन्टूर हा आवाजाचा स्विच 'मेन'ला असेल तर बेस-ट्रेबल आधीच वाढवलेले असतात, तो 'ऑफ' करून मग ठरवा.

खुंटी
आणि २०० ते ३०० चा 'मडी', ४०० ते ५०० चा 'बॉक्सी'?

जवारी
'गढूळ' आणि 'डबडा'.

शब्दनिष्ठ
'डबडा' ग्राम्य आहे. 'कोंदट' बघा.

मंडपवाला
कोंदट म्हणजे हवा न खेळणारी खोली, तो गढूळचाच भाऊ. डब्यातून आल्यासारखा आवाज डबडाच. शब्दापेक्षा महत्त्वाची गोष्ट टिपणात पहिल्या ओळीला घाला: हे सगळं वाजवण्याच्या आवाजातच ठरवा. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज वाढला की कानाला टोकाचे स्वर, विशेषतः खालचे, तुलनेने जास्त ऐकू येतात. घरी हळू आवाजात गोड लागणारा पॅच (मॉडेलरमध्ये साठवलेली एका आवाजाची जुळणी) स्टेजवर फुगतो आणि टोचतोही.

खुंटी
म्हणजे या दुरुस्त्या पॅचमध्ये करायच्या की सगळ्या पॅचना लागणाऱ्या ग्लोबल इक्वलायझरमध्ये?

आठमात्रा
हॉलमुळे किंवा स्पीकरमुळे असेल ते ग्लोबलमध्ये, गिटार-अॅम्पमुळे असेल ते पॅचमध्ये. केम्पर या मॉडेलरवर मेन आणि मॉनिटर आउटपुटचे इक्वलायझर वेगळे आहेत, म्हणजे वेजची दुरुस्ती साउंडवाल्याकडे जाणाऱ्या सिग्नलला लागत नाही. आणि टोचणं सगळ्याच पॅचमध्ये असेल तर इक्वलायझर सोडा, आयआर बदला. मधोमध लावलेल्या एसएम५७ माइकच्या आयआरऐवजी स्पीकरच्या कोनाच्या (कागदी शंकूच्या) कडेला सरकवलेल्या माइकचा घ्या.

घुमटकार
'कोन' म्हणू नका, वाचणारा भूमितीत जाईल. 'पडदा' म्हणा.

मंडपवाला
पडदा तबल्यालाही नसतो. दुकानात 'कोन'च मागतात.

शब्दनिष्ठ
दुकानात काय मागतात यावर भाषा ठरवायची असेल तर 'चरचर' तरी कोण मागतं?