मार्चअखेर पेर मार्केटवर स्टीलहेड: वजन कसं लावायचं, आणि अंड्यांची खडी कशी सांभाळायची?

ग्रँडरॅपिड्सकर: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिशिगनमधल्या पेर मार्केट नदीवर स्टीलहेडसाठी (तळ्यातून नदीत चढणारा मोठा रेनबो ट्राउट मासा) जायचं ठरतंय. एम-३७ महामार्गाचा पूल ते ग्लीसन्स लँडिंग, म्हणजे फक्त फ्लाय (हुकावर बांधलेली कृत्रिम माशी) चालणारा, पकडून सोडून द्यायचा पट्टा. रॉड दोन आहेत: १० फुटी ७ वेट आणि ९ फुटी ५ वेट (वेट म्हणजे दोराच्या वजनाचा नंबर, मोठा तितका जड). इंडिकेटरखाली (दोरावरचा तरंगता बोंडा) निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय, लावला की एकतर सारखा तळाला अडकतो, नाहीतर तळापर्यंत पोचतच नाही. वजन किती आणि कुठे लावायचं? शिवाय याच दिवसांत मासे अंडी घालायला खडीवर येतात, त्यांना त्रास न देता टाकायचं कुठे? ५ वेटवर ब्राउन ट्राउटची आशा धरावी का?

निम्फवाला: आधी थर्मामीटर बुडवा. पाणी ४० फॅरनहाइटच्या खाली असेल तर स्टीलहेड खोल, संथ डोहात तळाशी बसतात आणि फ्लायसाठी फारसे हलत नाहीत. चाळिशीच्या वर गेलं की धारेच्या कडेला आणि बुडालेल्या ओंडक्यांपुढे येतात. पहाटे धावायची गरज नाही, दुपारपर्यंत पाणी तापू द्या.

या नदीत लाकूड खूप, त्यामुळे वजन मुख्य दोरावर लावूच नका. लीडरचा (मुख्य दोरापुढचा बारीक दोर) जाड भाग २० पौंडी, पुढे १२ पौंडी, त्याच्या टोकाला छोटं स्विव्हल (फिरती कडी). स्विव्हलच्या खालच्या कडीला दोन दोर: एक ६ पौंडी, चार इंचांचा तुकडा, टोकाला साधी गाठ, त्यावर शॉट (वजनाचे छोटे गोळे) हलके दाबून. दुसरा ८ पौंडी फ्लोरोकार्बन, दोन फूट, त्याला पहिली फ्लाय. तिच्या हुकाच्या वळणाला दीड फुटावर दुसरी. शॉट अडकले तर गाठीवरून घसरून जातात, फ्लाय वाचतात. शॉट कथलाचे घ्या. शिशाचे गिळून लून पक्षी मरतात.

इंडिकेटर ते शॉट अंतर खोलीच्या दीडपट. सुरुवात बीबी आकाराच्या दोन शॉटने. अधूनमधून तळाला टेकल्याची टिकटिक जाणवली पाहिजे. प्रत्येक वेळी अडकलं तर एक काढा, काहीच जाणवलं नाही तर एक वाढवा. फ्लाय बदलायची घाई नंतर करा. आणि इंडिकेटरशेजारचा फेस बघा: तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, म्हणून इंडिकेटर फेसापेक्षा जरा मागे राहिला पाहिजे. फेसाबरोबर पळत असेल तर दोर फ्लायला ओढतोय. पाण्यावर पडताक्षणी दोर वरच्या बाजूला मेंड करा, म्हणजे उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका.

फ्लाय: ८ किंवा १० नंबरच्या हुकावर काळा स्टोनफ्लाय (नदीतला एक किडा) निम्फ, मागे फिकट पीच रंगाचं अंडं.

खडीतळ: खडीबद्दल नीट लिहितो, कारण नुकसान मुख्यतः न कळून होतं. मादी शेपटीने खडी उकरते त्या जागेला रेड म्हणतात. आजूबाजूचे गोटे शेवाळाने तपकिरी असतात, रेड मात्र धुतल्यासारखी उजळ, लांबट गोल. वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला खडीचा उंचवटा. लोक खळगा चुकवतात आणि उंचवट्यावर पाय देतात. अंडी त्या उंचवट्यातच पुरलेली असतात!

पन्नास फॅरनहाइटला अंडी फुटायला साधारण महिना लागतो, थंड पाण्यात त्याहून जास्त. पिल्लं त्यानंतरही काही आठवडे खडीतच राहतात. तोवर शेवाळ परत चढतं आणि रेड दिसेनाशी होते. म्हणून मासे निघून गेल्यावरही उथळ खडीतून चालू नका. पलीकडे जायचंच असेल तर वाळूच्या तळावरून जा.

वाळूचंही बघा. एकोणिसाव्या शतकातल्या जंगलतोडीने या नद्यांत प्रचंड वाळू आली. ती खडीच्या फटीत बसली की पाणी खेळत नाही आणि अंडी गुदमरतात. उघड्या वाळूच्या उतारावरून घसरत खाली येणं म्हणजे त्यात भर घालणं. जिथे पायऱ्या आहेत तिथूनच उतरा.

खडीवर दिसणाऱ्या जोडीला मुळीच टाकू नका. त्यांच्या खालचा काळसर, कमरेइतका खोल पट्टा धरा. थांबलेले मासे तिथे असतात.

ग्रँडरॅपिड्सकर: पण टाकताना दोर रेडवरून वाहत गेला तर?

खडीतळ: उभं राहायची जागा बदला. उंचवटा संपतो त्याच्या खाली फ्लाय पडली पाहिजे. तसं जमत नसेल तर तो डोह सोडून पुढे जा.

दुपारचीमाशी: ५ वेट जरूर न्या. अमेरिकेतले पहिले ब्राउन ट्राउट १८८४ साली याच नदीच्या बाल्डविन उपनदीत सोडले होते. मार्चमध्ये ऊबदार दुपारी छोटे काळे स्टोनफ्लाय निघतात, १६ नंबर. ढगाळ असेल तर ब्ल्यू-विंग्ड ऑलिव्ह हे नाजूक पाणकिडे, १८ ते २०. टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोर) ५एक्स जाडीचा. यावर स्टीलहेड लागला तर खेळवत दमवू नका, दोर तोडून मोकळा करा.

मिशिगनचं लायसन्स ३१ मार्चला संपतं, १ एप्रिलला नवीन लागतं. पट्ट्याचे त्या वर्षीचे नियम राज्याच्या मार्गदर्शिकेत वाचून घ्या.

परतताना बूट महत्त्वाचे. २०१५ साली या नदीत न्यूझीलंड मडस्नेल सापडली. काही मिलिमीटरची गोगलगाय, नराशिवाय वाढते, त्यामुळे लेसमध्ये अडकलेली एकही पुरते. शंखाचं झाकण लावून बसते, म्हणून नुसतं खळबळून भागत नाही. ब्रशने शिवणी आणि तळवे घासा, मग किमान पाच दिवस कडक वाळवा किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या नदीवर जायचं असेल तर बुटांचा वेगळा जोड न्या.