वाड्यात गोवर निघालाय, तान्ह्याला कसं जपू?

आम्ही रामबागेत राहतो, इंदूर. जुना वाडा, नऊ बिऱ्हाडं, जिना एकच. काल खालच्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी गोवर सांगितला. परवा तो आमच्याच ओसरीवर खेळत होता. माझा नातू दहा महिन्यांचा. नवव्या महिन्याची लस सर्दीमुळे राहिली, ती चूक मला रात्रभर टोचतेय. शनिवारी चैत्रातलं हळदीकुंकूही आहे. काय करू?

उत्तर (मल्हारगंज, निवृत्त नर्सबाई)
ताई, उद्या सकाळीच बाळाला लसीला न्या. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. साध्या सर्दीसाठी लस थांबवायची नसते. पुरळ दिसण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो मुलगा इतरांना आजार देऊ शकतो. विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, म्हणून नुसतं अंतर ठेवून भागत नाही. खिडक्या उघडा. हळदीकुंकू पुढे ढकला, गौर रागावणार नाही. वाड्यातल्या प्रत्येक मुलाचं कार्ड बघा, दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. आशाताईंना आजच कळवा.

उत्तर
दारात कडुनिंब जरूर लावा, पण त्या मुलाचं औषधपाणी थांबवू देऊ नका. अ जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टरांना विचारा, डोळे वाचतात. धाप लागली तर लगेच दवाखाना.

मूळ प्रश्नकर्ती
लस दिली. कार्डं बघितली, तीन मुलं राहिलीत. दोघांच्या आया तयार आहेत, तिसरीशी संध्याकाळी बोलते.