कार्बन कराची भरपाई सगळ्यांना सारखी? मला आता पटत नाही

उंबरठा:
घर तापवायच्या इंधनावर कार्बन कर, म्हणजे त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, लावायचा आणि जमलेला पैसा माणशी सारखा वाटायचा. गरीब कमी जाळतो, म्हणून तो फायद्यातच राहील. हे गणित मी बरीच वर्षं मांडत आलो. सरासरी काढली तर ते बरोबरही आहे. पण एकाच कमाईची दोन कुटुंबं बघा. एकाच्या इमारतीत घर तापवायला शहराच्या उष्णता-जाळ्यातून, म्हणजे सामाईक नळांतून, गरम पाणी येतं. दुसरं जुन्या, गळक्या भाड्याच्या घरात, गॅसची लाइन गावात नाही म्हणून तेल जाळणारं. बॉयलर बदलायचा हक्क मालकाचा, बिल यांचं. संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्येच ब्रिटनबद्दल हे मांडलं होतं: इंधनाचं दारिद्र्य, म्हणजे घर पुरेसं उबदार ठेवणं न परवडणं, साध्या गरिबीहून वेगळं, कारण घरावर भांडवली खर्च झाल्याशिवाय ते हटत नाही. माझं म्हणणं, आधी भिंती आणि छप्पर नीट करा, मग कर.

ठिणगी:
साफ असहमत. 'आधी भिंती' म्हणता म्हणता अजून एक पिढी धुरात जाईल, आणि धूर पहिल्यांदा गरिबाच्याच छातीत जातो. पोलंडमधल्या क्राकोवने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी घातली. प्रत्येक भिंत दुरुस्त व्हायची वाट बघितली नाही.

उंबरठा:
क्राकोव माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. ठराव जानेवारी २०१६ चा, बंदी २०१९ ची. मधल्या काळात शेगड्या बदलायला अनुदान दिलं, कमी उत्पन्नवाल्यांना वाढीव बिलासाठी मदत दिली. शिवाय बंदी शहराच्या हद्दीपुरती. भोवतालच्या गावांत कोळसा जळतच होता, आणि तो धूर शहरात येत होता.

हिशेबी:
ठिकाण महत्त्वाचं असेल तर भरपाई ठिकाण बघून द्या, कर कशाला अडवता? ऑस्ट्रियाने २०२३ मध्ये तेच केलं. राहत्या जागेनुसार चार गट, ११० ते २२० युरो.

कडीकोयंडा:
त्या गटांत बस-रेल्वेची सोय मोजली होती, घराची भिंत नाही. आणि २०२५ मध्ये ती भरपाईच बंद झाली. कर मात्र राहिला! भिंतीत एकदा घातलेलं इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, पुढचं सरकार काढून नेत नाही.

हिशेबी:
हा मुद्दा मान्य. पण इन्सुलेशनचा खर्च कुणाच्या माथी? जर्मनीत मालकाला अशा सुधारणेच्या खर्चाचे ८ टक्के वार्षिक भाड्यात वाढवता येतात, २०१९ आधी ११ होते. घर उबदार झालं आणि भाडेकरूला ते परवडेनासं झालं, तर काय साधलं?

ठिणगी:
त्याच जर्मनीत २०२३ पासून भाड्याच्या घरांतला कार्बन कराचा खर्च इमारतीच्या स्थितीप्रमाणे मालक आणि भाडेकरूत वाटला जातो. दहा पायऱ्या आहेत. सगळ्यात वाईट इमारतीत ९५ टक्के मालकाकडे. म्हणजे कर लावूनही मालकाला भिंतीकडे बघायला लावता येतं.

उंबरठा:
हे मला आवडलं, भाडेकरूंपुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो. पण खेड्यातल्या स्वतःच्या पडक्या घरात एकटी राहणारी म्हातारी? तिथे मालकही तीच आणि बिल भरणारीही तीच. तिच्या छपराचं काम होईपर्यंत तिच्या तेलावर कर नको, यावर मी अजून ठाम आहे.