आयतं गाणं स्वस्तात पडत नाही
'टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतासाठी तयार गाणं उचललं की संगीतकाराचे पैसे वाचतात, म्हणून आळशी निर्माते हेच करतात' असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. गाजलेलं गाणं बहुतेकदा महागच पडतं, कारण परवानग्या दोन लागतात: एक शब्द-चालीची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. शिवाय जुन्या करारांत टीव्हीच्या पलीकडचा विचार फारसा नसायचा, आणि डीव्हीडी आल्यावर त्याचा फटका बसला. 'मॅरीड... विथ चिल्ड्रन' या सतत भांडणाऱ्या कुटुंबावरच्या अमेरिकी विनोदी मालिकेचं शीर्षकगीत होतं गायक फ्रँक सिनात्राचं 'लव्ह अँड मॅरेज'. डीव्हीडीवर तिसऱ्या सीझनपासून ते गायब, त्याजागी भलतीच धून! सगळा उपरोधच गेला की त्यातला. (गंमत म्हणजे हे गाणं मुळात १९५५ साली टीव्हीवरच्याच एका संगीतिकेसाठी लिहिलेलं. म्हणजे मालिकेत ते माहेरीच आलं होतं.)

या दोन हक्कांचा खेळ बघायचा तर 'डॉसन्स क्रीक' ही अमेरिकी मालिका बघा. तिचं शीर्षकगीत 'आय डोन्ट वॉन्ट टू वेट' स्ट्रीमिंगवर कित्येक वर्षं नव्हतं, दुसरंच गाणं वाजायचं आणि चाहते कुरकुरायचे. शेवटी मूळ गायिका पॉला कोलने ते स्वतः नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केलं आणि २०२१ मध्ये ते नेटफ्लिक्सवर मालिकेला परत मिळालं. गाणं तेच, गायिका तीच, फक्त ध्वनिमुद्रण नवं, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची परवानगी लागलीच नाही. कान देऊन ऐकलंत तर आवाजातला वर्षांचा फरक जाणवेल. मला तरी तो जास्त आवडला.