कोरियन रानउंदीर: २० पैकी १४ पिल्लांत बी गुणसूत्र, हा पक्षपात म्हणायचा का?

शेतउंदीर:
या उंदरात (अपोडेमस पेनिन्सुली) मूळ गुणसूत्रं ४८. वर बी गुणसूत्रं, म्हणजे नसली तरी चालणारी जादा गुणसूत्रं, कुणात किती, याचा नेम नाही. समजा मादीत एक बी, नरात शून्य. निम्म्या पिल्लांत बी यायला हवं. २० पैकी १४ मध्ये आलं, तर ते मुद्दाम वरचढ होतंय असं धरावं का?

गुणसूत्री:
एवढ्यावर नाही. निव्वळ योगायोगानं १४ किंवा जास्त येण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास आहे. ४० पैकी २८ आले तर प्रमाण तेच, पण शक्यता एका टक्क्याच्या आत. तेव्हा पिल्लं वाढवा आणि उलटी जोडीही लावा: नरात एक, मादीत शून्य. एकट्या बीला जोडीदार नसतो, ते विभागणाऱ्या पेशीच्या कुठल्याही टोकाकडे जातं. मादीत मात्र अर्धगुणसूत्री विभाजनातून (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनातून) एकच अंडं उरतं, पोलर बॉडी म्हणजे बाकीच्या छोट्या पेशी वाया जातात. बी अंड्याच्या बाजूला टिकलं की टक्का वाढतो. नाकतोड्यांत हे दिसलंय. तेव्हा कल फक्त आईकडूनच दिसतो का, ते बघा.

दोन बीवाला पालक सुरुवातीला नको. दोन्ही बींची जोडी जमली तर प्रत्येक युग्मकात (अंड्यात किंवा शुक्राणूत) एक. न जमली तर ०, १, २ हे १:२:१ प्रमाणात. सरासरी दोन्हीकडे एकच, म्हणून नुसती सरासरी काढून काही कळत नाही.

पट्टीवाला:
आधी मोजणी तपासा हो. "एकूण ४९, म्हणजे एक बी" हा हिशेब फसवा आहे. पेशी फुटून एक मूळ गुणसूत्र निसटलं तर ४७ अधिक २ सुद्धा ४९च. या उंदराची मूळ ४८ सगळी अग्रकेंद्री (सांधा टोकाशी), त्यामुळे मध्यकेंद्री (सांधा मध्यावर) दिसलं की बी. ठिपक्याएवढी बी मात्र जिम्सा या रंगाच्या कणांसारखी दिसतात; रंग गाळून घ्या. किमान ३० पेशी मोजा. मूळ ४८ पूर्ण असून बी कुठे १, कुठे २ असतील, तर प्राणी मोझेक आहे. असा पालक बाद.

पेशी फुगवायला हाडातली मज्जा ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ३७ अंशांवर २० मिनिटं. जास्त झालं की पेशी फुटतात, कमी पडलं की गुणसूत्रं एकमेकांवर चढतात. मग पेशी आहेत तशा टिकवायला मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिड ३:१, ताजं आणि थंड, तीनदा बदलून. मज्जेसाठी प्राणी मारावा लागतो; पालकाची बी आधी कळायला हवीत तर कानाच्या तुकड्यातल्या पेशी वाढवा (कल्चर करा).

शेतउंदीर:
आपल्याकडच्या काळ्या उंदरावर हीच पद्धत?

पट्टीवाला:
तयारी तीच, पण ओळखीची खूण चालणार नाही. त्याच्या मूळ संचातच छोटी मध्यकेंद्री आहेत. शिवाय पूर्व आशियात ४२, आपल्याकडे ३८, कारण इथे दोन जोड्या जुळून मोठी मध्यकेंद्री झाली. म्हणून बाहू, म्हणजे सांध्याच्या दोन बाजूंचे भाग, मोजा: जुळण्यानं ते तेवढेच राहतात, बीनं वाढतात.